जोश गिब्सनचे आकडे परत आले, नेवार्क ईगल्स परत आली नाही

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता: जोश गिब्सन हा कृष्णवर्णीय बेसबॉल खेळाडू मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमध्ये, एकही सामना खेळला नाही, तरी २०२४ मध्ये मेजर लीगने फलंदाजीच्या यादीत त्याचं नाव टाय कॉब या जुन्या गोऱ्या विक्रमवीराच्या वर कसं लावलं? आणि १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगमध्ये आला, वर्णभेदाची भिंत पडली, तर कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या लीग त्यानंतर थोड्याच वर्षांत का बुडाल्या?

आधी आकड्यांचं सांगते, कारण ते माझं रोजचं काम. गेली सव्वीस वर्षं मी सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या सामन्यांत स्कोअरशीट लिहिते. बेसबॉलमधली सरासरी क्रिकेटसारखी धावांवरून निघत नाही. बॅटर किती वेळा बॅटिंगला आला, त्यातले ‘ॲट बॅट’ (सरासरीसाठी मोजायची खेप) म्हणून किती धरले आणि त्यात हिट (बॉल मारून बेसवर सुखरूप पोचणं) किती, एवढाच हिशेब. ०.३०० म्हणजे दहात तीन हिट. वर्षानुवर्षं तेवढं टिकवणारा खेळाडू मोठा मानतात. कॉबची कारकिर्दीची सरासरी ०.३६७ होती आणि कित्येक पिढ्या ती पहिल्या नंबरावर होती. मे २०२४ च्या अखेरीस मेजर लीगने निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या त्या जुन्या लीगचे, आकडे आपल्या अधिकृत नोंदीत घेतले आणि गिब्सन ०.३७२ ने वर गेला. एका हंगामाचा उच्चांकही त्याचाच झाला, १९४३ चा, ०.४६६. (‘निग्रो’ हा शब्द आज माणसांसाठी कुणी वापरत नाही. त्या लीगचं नावच तसं होतं म्हणून तो इतिहासात राहिला आहे.)

पायाभरणी डिसेंबर २०२० मध्येच झाली होती. १९२० ते १९४८ या काळातल्या सात कृष्णवर्णीय लीग मेजर दर्जाच्या होत्या, असं मेजर लीगने तेव्हा मान्य केलं. तसं केल्यावर सुमारे ३,४०० खेळाडू एका फटक्यात मेजर लीगचे खेळाडू ठरले. त्यातले बहुतेक तोवर वारले होते.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की गिब्सनचे सामने कमी, म्हणून सरासरी फुगली. सामने कमी हे खरं. गोऱ्यांच्या लीगचा हंगाम १५४ सामन्यांचा होता आणि इकडे लीगचे अधिकृत सामने साठ-ऐंशीच्या आसपास. पण ते कमी का होते, हे विचारायला हवं. लीगच्या सामन्यांवर संघाचं पोट भरत नसे. म्हणून हे संघ बसमध्ये बसून गावोगाव फिरत, स्थानिक संघांशी, गिरणी-कारखान्यांच्या संघांशी, कधी गोऱ्या नामवंतांशी खेळत. एकाच दिवशी दोन गावांत दोन सामने हेही होई. यातलं काहीही अधिकृत नोंदीत धरलेलं नाही. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांच्या स्मारकात) गिब्सनच्या फलकावर जवळपास ८०० होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) लिहिलेत आणि अधिकृत आकडा आजही दोनशेच्या आत आहे. म्हणजे मोजणाऱ्यांनी हात सैल सोडला नाही, उलट फार आखडता घेतला. माझ्या मते तेच योग्य होतं. लिहिलेलं नाही ते धरायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम.

मग लिहिलं कोणी? गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत या सामन्यांना जागा क्वचितच मिळे. लिहिलं ते ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘शिकागो डिफेंडर’, ‘बाल्टिमोर ॲफ्रो-अमेरिकन’ या कृष्णवर्णीयांच्या पत्रांनी. ती बहुतेक साप्ताहिकं, बातमीदार हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्यामुळे कुठे पूर्ण बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकड्यांचा तक्ता) मिळतो, कुठे धावा आणि हिट आहेत पण ॲट बॅट नाहीत, कुठे नुसता निकाल. संशोधकांनी ही पत्रं सूक्ष्मपटांवरून वर्षानुवर्षं चाळली आणि अंदाजे तीन चतुर्थांश सामन्यांचा हिशेब लावला. गिब्सनची ०.३७२ ही त्या साप्ताहिकांची कमाई आहे. ती पत्रं नसती तर आज गिब्सन निव्वळ दंतकथा असता.

दुसऱ्या प्रश्नासाठी मागे जावं लागतं. सुरुवातीला दार बंद नव्हतं, हे फार लोकांना माहीत नसतं. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर (बॅटरमागे बसून बॉल झेलणारा आणि कोणता बॉल टाकायचा ते खुणेने सांगणारा) टोलेडोच्या संघातून त्या काळच्या मेजर लीगमध्ये ४२ सामने खेळला. त्याच्या संघाचा पिचर (बॉल टाकणारा) टोनी मुलेन याने पुढे कबूल केलं की वॉकर त्याला मिळालेला सर्वोत्तम कॅचर होता, पण कृष्णवर्णीयाच्या खुणा पाळायच्या नाहीत म्हणून तो मनाला येईल तसा बॉल टाकी. कॅचरची खूण म्हणजे काय, हे मैदानावर उभं राहिलेल्याला विचारा. जोराचा येणार की वळणार, आत की बाहेर, हे ठाऊक नसताना होम प्लेटमागे बसायचं, आणि तेही आजच्यासारखा जाड ग्लव्ह नसताना. वॉकरची बोटं, फासळ्या कशा राहिल्या असतील याचा मी अनेकदा विचार केला आहे. वर्णद्वेष हा शब्द आपण फार मोघम वापरतो. इथे तो प्रत्येक बॉलला त्याच्या हातावर आदळत होता.

१४ जुलै १८८७ ला इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगच्या संचालकांनी ठराव केला की नव्या कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार करायचे नाहीत. त्याच दिवशी नेवार्कमध्ये शिकागोचा कॅप अॅन्सन हा मोठा खेळाडू, समोर जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर असेल तर आपण उतरणार नाही म्हणून अडून बसला. मेजर लीगच्या नियमपुस्तकात मात्र असं कलम कधीच लिहिलं गेलं नाही. त्याला ‘सभ्य गृहस्थांचा समझोता’ म्हणत, आणि न लिहिलेला तो नियम साठ वर्षं एकदाही मोडला नाही.

दार बंद झालं, मग लोकांनी स्वतःचं घर बांधलं. १३ फेब्रुवारी १९२० ला कॅन्सस सिटीतल्या पसेओ वायएमसीएमध्ये रूब फॉस्टरने आठ संघांची निग्रो नॅशनल लीग उभी केली. फॉस्टर स्वतः जबरदस्त पिचर, शिकागो अमेरिकन जायंट्सचा मॅनेजर आणि मालक. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय शिकागो, डेट्रॉइट, पिट्सबर्गकडे कामधंद्यासाठी आले होते. हातात पगार होता आणि रविवार मोकळा. फॉस्टरचं म्हणणं साधं होतं: आपले लोक तिकिटाला जो पैसा देतात तो आपल्या हातात राहावा. एक कॅन्सस सिटी मोनार्क्सचा विल्किन्सन सोडला तर त्या लीगचे मालक कृष्णवर्णीय होते. त्याच विल्किन्सनने १९३० मध्ये ट्रकवर दिव्यांचे खांब चढवून रात्रीचे सामने सुरू केले. मेजर लीगमध्ये पहिला रात्रीचा सामना सिनसिनाटीत झाला तो १९३५ मध्ये.

मैदान म्हणजे नुसतं मैदान नव्हतं. रविवारी चर्चमधून लोक तसेच चांगल्या कपड्यांत, टोप्या घालून सामन्याला जात. कॅन्सस सिटीत हंगामाच्या पहिल्या सामन्यासाठी चर्चची प्रार्थना तासभर आधी उरकत. १९३३ पासून शिकागोच्या कोमिस्की पार्कवर ‘ईस्ट-वेस्ट’ सामना भरू लागला. खेळाडू कोण, हे वाचक मतं देऊन ठरवत आणि मतपत्रिका त्याच साप्ताहिकांत छापून येत. १९४३ च्या सामन्याला पन्नास हजारांवर माणूस होता. आसपासची हॉटेलं, खानावळी, न्हाव्याची दुकानं, टॅक्सीवाले, सगळ्यांचा त्या दिवसावर धंदा चाले.

पैसा नेहमी स्वच्छ होता असं नाही. या सामन्याचा कर्ता गस ग्रीनली, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचा मालक, ‘नंबर्स’ चालवायचा. नंबर्स म्हणजे आपल्याकडच्या मटक्यासारखा आकड्यांचा जुगार. पण हेही लक्षात घ्या की कृष्णवर्णीय माणसाला बँका सहजी कर्ज देत नव्हत्या. ग्रीनलीने १९३२ मध्ये स्वतःचं स्टेडियम बांधलं ते त्याच पैशावर. पुढे मेजर लीगच्या लोकांनी याच गोष्टीवर बोट ठेवून या लीगना गुंडांचा धंदा ठरवलं. ज्या दारांमधून सरळ पैसा आला असता ती दारं बंद कुणी केली होती, हे कुणी विचारलं नाही.

आणि एफा मॅन्ली. माझ्या मनात या इतिहासातलं पहिलं नाव तिचं. नवरा एब याच्याबरोबर ती नेवार्क ईगल्स या निग्रो लीगच्या संघाची मालकीण. करार, पगार, बस, जाहिराती सगळं तीच पाहायची. संघ हाती घेण्याआधी, १९३४ मध्ये, हार्लेममधल्या ब्लूमस्टाइन या मोठ्या दुकानाने कृष्णवर्णीय मुलींना विक्रेत्या म्हणून घ्यावं यासाठी झालेल्या बहिष्कारात ती पुढे होती. १९३९ मध्ये तिने आपल्या मैदानावर झुंडबळींच्या विरोधात एक दिवस पाळला. प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या मुलींच्या अंगावर ‘लिंचिंग थांबवा’ असे पट्टे होते. १९४६ मध्ये ईगल्सनी मोनार्क्सना हरवून निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या संघात लॅरी डोबी आणि मॉन्टी अर्विन होते.

या जगाला सोनेरी मुलामा द्यायची गरज नाही. हॉटेल मिळत नसे म्हणून संघ बसमध्ये झोपे. हँक आरन १९५२ मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्सकडून खेळत होता. वॉशिंग्टनमधल्या एका खानावळीत संघ जेवला आणि नंतर मुदपाकखान्यात त्यांनी खाल्लेल्या प्लेट्स फोडल्याचा आवाज आला, ही आठवण त्याने पुढे सांगितली आहे. हे वाचताना मराठी माणसाला पळवणकर बाळू आठवणारच. पुण्यात हिंदूंच्या संघाला सामने जिंकून देणाऱ्या या चांभार समाजातल्या गोलंदाजाला चहा मिळायचा तो पॅव्हेलियनबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. बॉल चालतो, हात चालतो, भांडं चालत नाही.

याच कारणाने विली वेल्ससारखे खेळाडू मेक्सिकोला गेले. तिथे पगार बरा होता, पण तिथे कुठल्याही हॉटेलात माणसासारखं राहता-जेवता येतं, हे त्याने पत्रकार वेंडेल स्मिथला मुद्दाम सांगितलं.

आता रॉबिन्सन. तो १९४५ मध्ये मोनार्क्सकडून खेळत होता. त्याआधी सैन्यात असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं होतं आणि तो निर्दोष सुटला होता. २८ ऑगस्ट १९४५ ला ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकीने त्याला बोलावलं. १९४६ चा हंगाम मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात आणि १५ एप्रिल १९४७ ला एबेट्स फील्डवर मेजर लीगमध्ये. पुढचं तुम्ही वाचलेलं असणार: फिलाडेल्फियाच्या मॅनेजरच्या शिव्या, धमकीची पत्रं, पहिल्याच वर्षी ‘रूकी ऑफ द इयर’ (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू). त्याच्या धैर्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. जोश गिब्सन मात्र तो दिवस पाहायला नव्हता. जानेवारी १९४७ मध्ये, पस्तिसाव्या वर्षीच, तो गेला होता.

पण रॉबिन्सनसाठी रिकीने मोनार्क्सना किती पैसे दिले? एक डॉलरही नाही. गोऱ्यांच्या दुय्यम लीगमधून खेळाडू घेतला की त्याच्या संघाला किंमत मोजायचा रिवाज होता. रिकीचं म्हणणं, या लीग म्हणजे लीगच नव्हेत, यांचे करार करारच नव्हेत. करार ढिले होते हे खरं, पण ते ढिले म्हणून खेळाडू फुकट न्यायचा, हा न्याय नव्हे. मॅन्लीच्या ईगल्समधून डॉन न्यूकम हा पिचरही असाच विनामोबदला गेला. मालकांची अडचण समजून घ्या. कोर्टात जावं तर आपलीच साप्ताहिकं, आपलेच प्रेक्षक म्हणणार की दार उघडतंय आणि तुम्ही आडवे पडताय. म्हणून बहुतेक गप्प बसले. मॅन्ली गप्प बसली नाही. १९४७ च्या जुलैमध्ये क्लीव्हलँडच्या बिल वेकने डोबीला मागितलं तेव्हा तिने पैसे मागितले आणि १५,००० डॉलर मिळवले. हा गोरा मुलगा असता तर तुम्ही लाखभर दिले असते, अशा अर्थाचं तिने वेकला सुनावलं. घेतले मात्र; दुसरा पर्याय नव्हता. त्या पंधरा हजारांमुळे निदान एवढं झालं की निग्रो लीगचा करार हा करार असतो, हे मेजर लीगच्या एका मालकाने पैसे मोजून मान्य केलं.

मग गर्दी आटली. ईगल्सच्या मैदानावर १९४६ मध्ये सुमारे १,२०,००० प्रेक्षक आले, १९४७ मध्ये ५७,००० च्या आसपास. नेवार्कहून ब्रुकलिन म्हणजे थोड्या वेळाचा प्रवास. रविवारी रॉबिन्सनला प्रत्यक्ष पाहता येत असताना लोक घरच्या मैदानावर कशाला थांबतील? त्या प्रेक्षकांना मी दोष देत नाही. साप्ताहिकांनीही पानं रॉबिन्सनकडे वळवली आणि तेही साहजिक होतं, वाचकाला तेच हवं होतं. पण बॉक्स स्कोअरची जागा गेली, मतपत्रिकांचा उत्साह गेला. १९४८ च्या हंगामानंतर निग्रो नॅशनल लीग बंद झाली आणि मॅन्लींनी ईगल्स विकली. दुसरी लीग, निग्रो अमेरिकन, पुढे काही वर्षं चालली, पण तिच्यातले तरुण एकेक करून उचलले जात होते. क्लाउन्सनी १९५३ मध्ये टोनी स्टोन या बाईला दुसऱ्या बेसवर उतरवलं. ती खरोखरच चांगली खेळाडू होती. तिला घेतलं यामागे तिकीटविक्रीची घसरणही होती.

यात एक वाद झाला, तो तुम्ही जरूर लक्षात घ्या. १९४८ मध्ये रॉबिन्सनने एका मासिकात निग्रो लीगवर कडक टीका केली: पगार तुटपुंजे, पंच बेभरवशाचे, राहण्याची सोय वाईट. मॅन्लीने दुसऱ्या मासिकात उत्तर दिलं की तू आज जिथे आहेस तिथे पोचलास तो याच लीगमुळे. मला दोघांचंही पटतं. रॉबिन्सनने सांगितलेलं सगळं खरं होतं. तो त्या बसमध्ये बसला होता. पण पंच बेभरवशाचे का, सोय वाईट का, याचं कारण साठ वर्षांच्या त्या न लिहिलेल्या नियमात होतं, आणि त्यातून जेवढं उभं राहिलं होतं ते मॅन्लीसारख्यांनी उभं केलं होतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. १९४७ मध्ये दोन लीग एक झाल्या नाहीत. एका लीगने दुसरीतले निवडक खेळाडू घेतले, आणि तेही तरुण. मॅनेजर घेतले नाहीत, पंच घेतले नाहीत, मालकांना भागीदारी दिली नाही, एकही संघ सामावून घेतला नाही. तिशी ओलांडलेला खेळाडू बहुतेक घरी बसला. सॅचेल पेज बेचाळिसाव्या वर्षी क्लीव्हलँडला पोचला, पण पेज एकच होता. वेंडेल स्मिथ रॉबिन्सनबरोबर गावोगाव फिरून लिहीत होता, तरी मैदानावर पत्रकारांसाठी असलेल्या प्रेस बॉक्समध्ये त्याला जागा नव्हती. खेळाडूंच्या बाबतीतसुद्धा भिंत सावकाश पडली. बॉस्टन रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरवला तो जुलै १९५९ मध्ये. मेजर लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय पंच, एमेट ॲशफर्ड, आला १९६६ मध्ये. ऑक्टोबर १९७२ मध्ये सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजच्या वेळी रॉबिन्सनचा सत्कार झाला. नजर जवळजवळ गेलेली, केस पांढरे. तिथे तो म्हणाला की तिसऱ्या बेसच्या कोचिंग लाइनकडे पाहिल्यावर एखादा कृष्णवर्णीय मॅनेजर दिसेल तेव्हा मला अधिक अभिमान वाटेल. नऊ दिवसांनी तो वारला. पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ मध्ये आला. निग्रो लीगमध्ये असे मॅनेजर १९२० पासून होते.

निग्रो लीगच्या संघांना दुय्यम लीग म्हणून का होईना चौकटीत घेतलं असतं, खेळाडूंची रास्त किंमत दिली असती, तर नेवार्क, कॅन्सस सिटी, बर्मिंगहॅममध्ये कृष्णवर्णीय मालकीची मैदानं आणि मुलं घडवणारी व्यवस्था टिकली असती, असं माझं ठाम मत आहे. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५० नंतर असं पहिल्यांदाच झालं. याला इतर कारणंही आहेत, मुलांच्या खासगी संघांचा भरमसाट खर्च हे त्यातलं मोठं. पण मुलगा घरापासून चालत जाऊन ज्या मैदानावर आपल्या लोकांचा संघ पाहत असे, ते मैदान मधल्या काळात नाहीसं झालं, हेही त्यात आहेच.

एफा मॅन्लीला २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तिथे पोचलेली ती पहिली बाई. तोवर तिला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

शेवटी आकड्यांकडेच येते. तुम्ही नवी यादी उघडाल तेव्हा गिब्सनबरोबर विली मेजचंही पान पाहा. शाळकरी वयात, १९४८ मध्ये, तो बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळला. तिथल्या दहा हिट नव्या नोंदीत आल्या आणि त्याची बेरीज ३,२८३ वरून ३,२९३ झाली. होम रन मात्र ६६० च राहिले. त्या ऑगस्टमधला एक होम रन वर्तमानपत्रात सापडतो, पण त्या सामन्याच्या तक्त्यात हिशेब जुळवायला लागणारा तपशील नाही, म्हणून तो धरलेला नाही. मी असते तर मीही धरला नसता. जून २०२४ मध्ये मेज गेला, आणि दोनच दिवसांनी ब्लॅक बॅरन्स जिथे खेळत त्या बर्मिंगहॅमच्या जुन्या रिकवूड फील्डवर मेजर लीगचा सामना झाला.